आमच्या जिन्यातलं आम्लपित्त

"बाटली हलवून घ्या म्हणे," फ्रिजच्या उघड्या दाराआड हे पुटपुटत होते. "वर्षभर मीच हलतोय. बाटलीचं काय घेऊन बसलेत."

मी त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभी होते, तोंडात चघळायची गोळी धरून. ह्या गोळीची चव पुदिन्यात बुडवलेल्या खडूसारखी असते, आणि चावली की आवाज होतो, म्हणून मी ती गालात ठेवून विरघळू देते. ह्यांनी गुलाबी औषधाच्या बाटलीलाच तोंड लावलं, मिशीला आलेली गुलाबी कड बाहीला पुसली आणि वळले. मला बघून पकडलेल्या चोरासारखे थबकले. मग त्यांना माझा फुगलेला गाल दिसला. सत्तावीस वर्षांच्या संसारात नवरा-बायकोला एकमेकांची इतकी खात्री पटण्याचे क्षण थोडेच येतात. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, रस्सा अजून वाढू का. आम्ही दोघांनी एका सुरात सांगितलं की छान झालाय, पण आता पोटात जागा नाही.

जागा नव्हती हे खरंच होतं. तिथे आग होती.

सासूबाईंबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, आली आणखी एक सून गाऱ्हाणं घेऊन. सासूबाईंनी सव्वीस वर्षं मुलींच्या एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर चालवलं. रोज एकशेवीस ताटं, दोन वेळा. तराजू नाही, मापं नाही. मूठ, चिमूट आणि नजर. करताना चाखून बघणं तर अजिबात नाही. चाखणारी बाई त्यांच्या लेखी शिकाऊ. आज त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. डोळ्यांनी शिवण नेलं, गुडघ्यांनी बाजार नेला, कानांनी रेडिओ नेला. उरला तो एक ओटा. सकाळी साडेसहाला त्या ओट्याशी स्टूल ओढून बसतात तेव्हा त्यांची पाठ सरळ होते. बाकी दिवसभर ती सरळ नसते.

तर दीडेक वर्षापूर्वी त्यांच्या हाताचं काहीतरी बिनसलं. आधी मीठ चढलं. आम्ही मिठाची पिशवी बदलली. मग तिखट चढलं. आम्ही तिखटाचं दुकान बदललं. मग मिरी, मग लिंबू. शेवटी बदलायला दुकानं उरली नाहीत आणि दोष द्यायला जिन्नस उरले नाहीत.

एकदा, फक्त एकदा, हे बोलले. म्हणजे अगदी लोण्यात घोळवून, आई, आज किंचित जास्त झालंय का गं, एवढंच. सासूबाईंनी पळी खाली ठेवली, गॅस बंद केला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. दोन दिवस बसल्या. मी केलेल्यातले चार घास खाल्ले न खाल्ले केले. तिसऱ्या दिवशी ह्यांना म्हणाल्या की एखादा वृद्धाश्रम असला तर बघून ठेव, आयतंच खायचं तर तिथे जाऊन खाल्लेलं बरं. चष्म्याच्या आत डोळे कोरडे होते, हे जास्त वाईट. ह्यांनी त्यांच्या पायाशी बसून शपथेवर सांगितलं की सकाळच्या चहाने जीभ भाजली होती. मग त्या उठल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात स्वयंपाकावर एकच शेरा मारला जातो, छान झालंय. आम्ही जे काही केलं, खोटं बोललो, औषधं लपवली, सरकारी कागदावर नको ते लिहिलं, ते सगळं त्यांनी पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसू नये म्हणून.

शिवाय त्यांचा हात सढळ. चार माणसांचं करायला बसल्या की दहा माणसांचं होतं, आणि मग जिन्यात वाट्या फिरतात. एक समोरच्या वहिनींकडे, एक वरच्या पत्रककाकांकडे, एक तळमजल्यावरच्या घड्याळजींकडे. पत्रककाका हे त्यांचं मी ठेवलेलं नाव. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्त झाल्यापासून औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली पत्रकं भिंगाने वाचतात. वाट्या घासूनपुसून परत यायच्या आणि प्रत्येक वाटीबरोबर निरोप, छान होतं. सासूबाई नंतर जिन्यात गाठून विचारायच्या, गाजर शिजलं होतं ना नीट, म्हणून कोणाला टाकूनही देता यायचं नाही. परीक्षेला बसल्यासारखी माणसं ती वाटी संपवत.

असो. त्या दिवशी फ्रिजजवळ आमची एकमेकांशी गाठ पडली आणि मी ठरवलं की हे असं चोरूनमारून किती दिवस चालायचं. निदान चोरीला तरी शिस्त हवी. रविवारी सासूबाई आंघोळीला गेल्यावर मी घरभर फिरून औषधं गोळा केली. ह्यांची कॅप्सूल पिठाच्या डब्यामागे, गुलाबी बाटली फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीआड, दुसरी पांढरी बाटली बुटांच्या कपाटात. लेक एकोणीस वर्षांची, तिच्या पर्समध्ये फसफसणाऱ्या पावडरीच्या अकरा पुड्या. ती पुडी पाण्यात टाकली की आवाज होतो, म्हणून पोरगी न्हाणीघराचा नळ सोडून आत पीत होती आणि मी सहा महिने तिला पाण्याची नासाडी करते म्हणून बोलत होते. मी पाणीपुरवठा कार्यालयात काम करते, तेव्हा माझं बोलणं जरा जास्तच लागलं असणार.

हे सगळं मी बिस्किटांच्या डब्यात भरलं आणि वेळापत्रक करायला बसले.

ज्यांना वाटतं की संसारात वेळापत्रकाने सुख येतं, त्यांनी तीन माणसांची सहा औषधं घेऊन एकदा बसावं. कॅप्सूल उपाशीपोटी, आणि तिच्यानंतर अर्धा तास काही खायचं नाही. माझी रक्तवाढीची गोळीही रिकाम्या पोटी, पण तिच्या आसपास चहा चालत नाही, आणि केमिस्ट म्हणाला की तिच्या आगेमागे दोन तास ती खडूची गोळीही चालत नाही, एक दुसरीला पोटात शिरू देत नाही. म्हणजे आमच्या पोटातसुद्धा सासू-सुना होत्याच. गुलाबी औषध जेवल्यानंतर. पावडर लागेल तेव्हा, म्हणजे सतत. मी चौकोन आखले, रंगीत पेन घेतली, आणि तासाभराने निष्कर्ष आला की माझा पहिला चहा सकाळी अकराला पडतो.

पत्रककाकांना कसा वास लागला कोण जाणे, ते भिंग घेऊन खाली आले. त्यांनी दोन्ही बाटल्यांची पत्रकं पसरली आणि मला समजावलं की ही औषधं दोन जातींची. एक जात पोट सैल करते, दुसरी पोट बांधते, म्हणून शहाणे लोक दोन्ही मिसळून विकतात. गुलाबी बाटली मिश्र होती. बुटांच्या कपाटातली पांढरी मात्र एकाच जातीची, आणि ह्यांनी ती जास्त जोरकस वाटली म्हणून आठ दिवस एकटीच घेतली होती. तो आठवडा मला आठवला. तो मी इथे लिहिणार नाही. जाताना पत्रककाका डब्यातल्या माझ्या गोळ्यांकडे बघत घुटमळले आणि हळूच विचारलं की ह्यांतली एक मिळेल का, त्यांच्याकडच्या कालच संपल्या. मी चार दिल्या. आम्ही दोघंही खाली बघत होतो.

वेळापत्रक आठवडाभर चाललं. मग सोमवारी मी तक्रार खिडकीवर बसलेली असताना, एक आजोबा गढूळ पाण्याची बाटली माझ्यापुढे हलवत असताना, मला असा करपट ढेकर आला की ते स्वतःची तक्रार विसरले. म्हणाले, "ताई, आधी तुम्ही जाऊन या, मी थांबतो." एकोणीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी ऐकते. माझ्यावर दया दाखवणारा तक्रारदार पहिल्यांदाच भेटला. मी उठले आणि कार्यालयाच्या आरोग्य केंद्रात गेले.

तिथल्या डॉक्टरबाई शांत. त्यांनी माझं पोट दाबलं, काय खाता विचारलं, मी मोघम सांगितलं. घरात आणखी कोणाला त्रास आहे का? मी म्हटलं, नवऱ्याला, मुलीला. सासूबाईंना मात्र काही नाही, त्या तेच खातात आणि ठणठणीत आहेत. हे आमचं घरातलं ठरलेलं वाक्य. हे दर दोन दिवसांनी म्हणायचे, आईला बघ, आईला काही होतं का, आपलीच पोटं नाजूक.

डॉक्टरबाईंनी विचारलं की सासूबाई कुठली औषधं घेतात. मी आठवून सांगितलं, सकाळी एक कॅप्सूल, गुडघ्याच्या गोळ्या चालू होत्या तेव्हा पोटाला सोसावं म्हणून दिलेली. गुडघ्याच्या गोळ्या तीन आठवड्यांत बंद झाल्या. कॅप्सूल चालूच राहिली.

"किती दिवस?"

"सहा वर्षं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मास्तरीण शांतपणे ओरडते तशा त्या मला ओरडल्या. म्हणाल्या, त्यांना जळजळ होत नाही ह्यात नवल काय, तुम्ही जे आज शोधताय ते त्या सहा वर्षं घेतायत. पण वयस्कर माणसाने इतकी वर्षं, कोणी न तपासता, ही कॅप्सूल घेतली तर कधीकधी शरीरात बी-बारा कमी पडतं. हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, जिभेवरही परिणाम होऊ शकतो. असेलच असं नाही, पण रक्त तपासायला हवं. आणि मनाने बंदही करू नका, आधी त्यांना घेऊन या. मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "तोंडाची चव कशी आहे त्यांच्या?"

आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "छान आहे."

खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही. दीड वर्षं तेच म्हणत होते, जीभ आपोआप तिथे गेली. पण केंद्राच्या पायऱ्या उतरताना मला घाम फुटला. एवढे दिवस मला वाटत होतं की गप्प राहून आम्ही म्हातारीला जपतोय. आता कळलं की कदाचित आम्ही तिला गप्प राहूनच आजारी ठेवतोय. तिला डॉक्टरकडे न्यायचं तर का न्यायचं ते सांगायला हवं. ते सांगायचं तर ती खुर्ची.

ह्या घोळात औषधाच्या खिडकीवर मी जी चूक केली ती नीट सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापासून सुरू झालं. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं की एका कार्डावर एकाच माणसाचं औषध. घरातल्या तीन किंवा अधिक जणांना एकच आजार असेल तर वेगळा अर्ज. मी अर्ज भरला. आजार, आम्लपित्त. रुग्णसंख्या, तीन. आजाराचे कारण. तिथे माझं पेन थांबलं. मागे रांग. सरकारी कागदावर, शिक्का बसणार त्या ठिकाणी, स्वतःच्या हाताने 'सासूबाईंचा स्वयंपाक' असं लिहायचं? सव्वीस वर्षं एकशेवीस पोरींना जेवू घातलेल्या बाईबद्दल? मी लिहिलं, अज्ञात.

आता एका घरात तिघांना पोटाचा त्रास आणि कारण अज्ञात, असा कागद कुठे जातो, हे सबंध शहरात ज्या चार-पाच माणसांना तोंडपाठ असेल त्यांतली मी एक. तो कागद दूषित पाण्याच्या संशयाखाली पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर येतो. बुधवारी सकाळी तो आला. तक्रारदार मी, नोंद घेणार मी. मी स्वतःला नोंद क्रमांक दिला, स्वतःला पोच दिली, आणि कागद खालच्या खाली दाबावा असा विचार करेपर्यंत शेजारच्या टेबलवाल्याने तो उचलून आरोग्य निरीक्षकाकडे पाठवलासुद्धा. इतर वेळी तोच माणूस एक कागद हलवायला तीन दिवस घेतो.

निरीक्षक गुरुवारी आमच्या इमारतीत आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, कामावर प्रेम असलेला. असा माणूस फार धोकादायक. त्याने दारोदार जाऊन विचारलं, पोटाचा त्रास आहे का. समोरच्या वहिनी, आहे. घड्याळजी, आहे, फार. पत्रककाकांनी तर त्रासाबरोबर वर्गीकरणही दिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाला मात्र काही नाही. त्यांचं आणि आमचं ओल्या कपड्यांच्या थेंबांवरून चार वर्षं बोलणं बंद आहे, त्यामुळे त्यांना वाटी जात नाही. निरीक्षकाने इमारतीचा नकाशा काढला, आजारी घरांना लाल ठिपके दिले आणि ठिपक्यांकडे बघून त्याचा चेहरा उजळला. लाल घरं सगळी डाव्या बाजूच्या नळावर होती. तिसरा मजला उजव्या. अर्थात आमच्या सासूबाईंना वाटी घेऊन डाव्या बाजूचा जिना सोयीचा पडतो, हे नकाशात दिसत नाही.

दुपारी डाव्या नळाचा व्हॉल्व्ह बंद झाला. शुक्रवारी फिटर आले आणि त्यांनी इमारतीच्या दारातच खणायला घेतलं.

त्यानंतरचे चार दिवस मी वय वाढल्यासारखे काढले. डाव्या बाजूच्या सगळ्यांनी टँकरवरून बादल्या भरून आणायच्या. खड्ड्यावर फळी टाकलेली, फळीवरून बादली घेऊन जाताना सगळे माझ्याकडे बघत, कारण पाणीपुरवठा म्हणजे मी. पण खरं म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. रांगेत वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या की तुम्ही सांगून टाका ना त्या निरीक्षकाला. मी म्हटलं, तुम्हीच सांगा, तुम्ही परक्या, तुमचं त्यांना वाईट वाटणार नाही. वहिनी म्हणाल्या की त्यांच्या बाळंतपणात सासूबाईंनी चाळीस दिवस डबा दिला होता, त्यांच्या तोंडून कसं निघेल. घड्याळजींना विचारलं तर ते म्हणाले, माझी बायको गेली तेव्हापासून ती वाटी आहे, मी काही बोलणार नाही, मी पाणी भरीन. आणि ते एका खांद्याने अधू गृहस्थ बादली उचलून गेले. पत्रककाकांनी सांगितलं की पाणीही दूषित असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, आणि लगबगीने जिना चढले.

घरात तर चेंडूचा खेळ. हे म्हणाले, तू सांग, मी एकदा सांगून बघितलंय. मी म्हटलं, आई तुमची. लेक म्हणाली, आजी मला माफ करेल हे खरं, पण माझी परीक्षा आहे. परीक्षा दोन महिन्यांवर होती.

मी प्रयत्नच केला नाही असं नाही. शनिवारी संध्याकाळी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या, मी शेजारी जाऊन बसले, दोन शेंगा सोलल्या आणि सुरुवात केली की आई, एक सांगायचं होतं. त्यांनी माझा हात थोपटला. म्हणाल्या, "बोल. ह्या घरात तूच एक सरळ बोलतेस. बाकी सगळे गोड बोलतात." मी म्हटलं, मटार कोवळे आहेत. त्या म्हणाल्या, हो ना.

सोमवारी कार्यालयात साहेबांनी बोलावलं. कार्यालयाच्याच कर्मचाऱ्याने कार्यालयाच्याच पाण्यावर संशय घेतल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा. मी तीन खुलासे लिहिले आणि तिन्ही फाडले. शेवटी लाज गुंडाळून निरीक्षकाला कोपऱ्यात गाठलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. त्याने सहानुभूतीने ऐकलं. मग म्हणाला की हे तुम्ही तोंडी सांगताय, ताई, खड्डा लेखी आहे. तो बुजवायचा तर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचा जबाब लागेल, तिच्या सहीने, आणि शेजाऱ्यांच्या समक्ष.

मी त्याला म्हटलं, बाबा, तुला आई आहे का? तो म्हणाला, आहे, पण ती गावी असते.

मंगळवारी दुपारी तो आला. मागे पत्रककाका, वहिनी आणि घड्याळजी, अंत्यदर्शनाला आल्यासारखे एकामागे एक. हे रजा टाकून घरी होते आणि स्वयंपाकघराच्या चौकटीत असे उभे होते की आतही नाहीत, बाहेरही नाहीत. लेक माझ्या मागे. सासूबाई स्टुलावर लसूण सोलत बसलेल्या, ओट्यावर टँकरच्या पाण्याचं पातेलं झाकून ठेवलेलं. इतकी माणसं बघून त्यांनी मला विचारलं, सगळ्यांना चहा टाकू का. मी म्हटलं, मी टाकते. पाणी मोजून होतं.

निरीक्षकाने फाईल उघडली. त्या कमी ऐकतात हे मी त्याला सांगितलं होतं, आणि त्याने त्याचा अर्थ त्या ऐकतच नाहीत असा घेतला. त्याने आम्हा सगळ्यांकडे बघून सांगितलं की पाण्याचा नमुना स्वच्छ आला आहे, दोनदा तपासला. म्हणजे कारण दुसरं काही आहे. मग त्याने एक एक शब्द सुटा करत विचारलं, "तुम्हा चारही घरांत येतं आणि तिसऱ्या मजल्यावर जात नाही, असं काय आहे?"

पत्रककाका भिंग पुसू लागले. वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, गुंडाळलं. घड्याळजी खांदा चोळत होते. मी चहाच्या पाण्याकडे बघत होते. ते उकळून अर्धं झालं होतं, तरी मला गॅस बारीक करायचं सुचत नव्हतं. ह्यांनी एकदा घसा खाकरला. मला वाटलं, आता बोलतात. ते म्हणाले, "हवामान असेल."

निरीक्षकाने आणखी मोठ्याने विचारलं, अगदी सासूबाईंच्या कानाशी वाकून, "आजी, तुम्हाला काही माहिती आहे का?"

सासूबाईंनी सोललेला लसूण वाटीत टाकला. हात पदराला पुसले. त्यांनी आधी घड्याळजींच्या खांद्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग दाराबाहेर जिन्यात ओळीने ठेवलेल्या बादल्यांकडे. मग आम्हा सगळ्यांकडे, एकेकाकडे, ताट वाढताना बघतात तसं.

"पाणी सोडायला सांग बाबा त्यांचं," त्या म्हणाल्या. "नळाचा काही दोष नाही."

हे पुढे झाले, म्हणाले, आई, तू कशाला. त्यांनी हाताने थांबवलं.

"तू बोलला होतास एकदा. मीच फुगून बसले. फुगून कसली, घाबरले होते." आवाज अगदी साधा होता, दूध संपलंय सांगताना असतो तसा. "मला चव कळत नाही. दीड वर्ष झालं. जिभेवर काही ठेवा, माती लागते. पानात बसले की सगळं अळणी, म्हणून मूठ वाढवत गेले, आणि तुम्ही छान म्हणत गेलात. तुमच्या तोंडाकडे बघून मीठ घालतेय मी."